युक्तिवाद दुबळा करणारा पर्याय

स्पर्धा परीक्षांतून विचारशक्तीची कसोटी पाहणारा एक प्रश्नप्रकार वारंवार आढळतो. आरंभी चार-पाच ओळींचा युक्तिवाद दिलेला असतो आणि पुढील पर्यायांपैकी कोणत्या पर्यायाने तो सर्वाधिक दुबळा होतो, असे विचारलेले असते. प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. तथापि पुष्कळ वाचन असलेले विद्यार्थीही येथे चुकतात. पर्यायातील विधान आपल्याला पटते की नाही, याचाच ते विचार करीत बसतात. वस्तुतः विधान खरे आहे असे मानून त्याचा युक्तिवादावर कोणता परिणाम होतो, एवढेच पाहावयाचे असते.

दिल्लीतील एक उदाहरण घ्यावे. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज ही जुनी, दाट वस्ती आहे. येथील नूतन मराठी विद्यालयामुळे दिल्लीकर मराठी कुटुंबांनाही हा भाग परिचित आहे. १ ते १५ जानेवारी २०१६ या काळात दिल्ली सरकारने सम-विषम योजना अमलात आणली. विषम तारखेस विषम व सम तारखेस सम क्रमांकाच्या मोटारींनीच सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात रस्त्यावर यावे, असा नियम होता. रविवार त्यातून वगळला होता. दुचाकी वाहने, सीएनजीवर चालणारी वाहने आणि स्त्रिया एकट्या चालवीत असलेल्या मोटारी यांना सूट होती. योजनेचा हवेवर कितपत परिणाम झाला, याविषयी अभ्यासकांत पुढे मतभेद झाले.

आता पहाडगंजच्या मेन बाजारातील एखादा दुकानदार पुढीलप्रमाणे बोलला, असे समजावे : “या पंधरवड्यात रस्त्यांवर मोटारी कमी होत्या. तरी हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण आधीच्या पंधरवड्याइतकेच राहिले. म्हणून मोटारींचा धूर हे दिल्लीची हवा दूषित होण्याचे महत्त्वाचे कारण नव्हे.”

यातील पहिली दोन वाक्ये ही आधारविधाने होत; ‘म्हणून’ या शब्दापासून निष्कर्ष सुरू होतो. आधारविधाने उदाहरणापुरती खरी मानावयाची असतात. प्रश्न उरतो तो त्यांच्यापासून निष्कर्षापर्यंत जाणाऱ्या वाटेचा. दोन्ही पंधरवड्यांत मोटारींच्या संख्येखेरीज दुसरे काही बदलले नाही, असे दुकानदाराने न बोलता गृहीत धरले आहे. पर्याय वाचण्यापूर्वीच हे गृहीतक शोधून ठेवले, तर निम्मे काम झाले.

पर्याय असे आहेत :

(अ) मोटारींचा धूर फुप्फुसांना अपायकारक असतो.
(आ) त्या पंधरवड्यात मेट्रोच्या प्रवाशांची संख्या वाढली.
(इ) बांधकामाची धूळ आणि कचरा जाळणे यांमुळेही दिल्लीची हवा दूषित होते.
(ई) योजनेतून दुचाकी वाहनांना सूट होती.
(उ) त्या पंधरवड्यात वारा आधीपेक्षा मंद होता व थंडीमुळे दूषित हवा जमिनीलगत कोंडून राहिली.

(अ) हे विधान सत्य आहे. परंतु धूर अपायकारक असणे वेगळे आणि प्रदूषणात त्याचा वाटा मोठा असणे वेगळे. (आ) मुळे मोटारी कमी होत्या या आधारविधानास बळकटीच येते. (इ) इतर कारणांकडे बोट दाखवितो. म्हणजे तो दुकानदाराच्याच बाजूचा आहे. खरी गल्लत (ई) पाशी होते. सूट प्रत्यक्षात दिलेली होती, म्हणून हा पर्याय ओळखीचा वाटतो. परंतु सूट मिळाल्याने दुचाकी पूर्वीसारख्याच धावत राहिल्या, एवढेच त्यातून कळते. मोटारी घटूनही हवेत फरक का पडला नाही, याचा उलगडा होत नाही. मोटारी घरी ठेवून लोक दुचाकी घेऊन बाहेर पडले, असे पर्यायात म्हटले असते, तर गोष्ट निराळी होती.

(उ) मात्र नेमका गृहीतकावर आघात करतो. धूर कमी झाला तरी तो वाहून नेणारा वाराही कमी झाला. मग मोटारी घटल्याचा लाभ मोजमापात दिसणार कसा? म्हणून (उ) हेच उत्तर.

भारतीय न्यायशास्त्राला ही दृष्टी अपरिचित नाही. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करता येते. अग्नी दिसला म्हणून धुराचे अनुमान मात्र करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओल्या सरपणाची अट लागते. या न सांगितलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. योग्य पर्यायाचा शोध हा बहुधा अशा उपाधीचाच शोध असतो.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. युक्तिवाद दुबळा झाला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला, असे नव्हे. दिलेल्या आधारांवर तो पूर्वीइतका विसंबून राहत नाही, इतकेच. योजनेचा समर्थक जर म्हणाला, ‘मोटारी घटल्या आणि हवा सुधारली, म्हणून योजना यशस्वी झाली’, तर त्यालाही त्या दिवसांत वारा कसा होता, हे विचारलेच पाहिजे. जो हा प्रश्न दोन्ही पक्षांना सारख्याच आग्रहाने विचारतो, त्याला हा प्रश्नप्रकार समजला. मग योजना चालू ठेवावी की बंद करावी, या वादातही त्याचे मत ऐकण्याजोगे ठरते.