डेलियाची झोप

श्रीनगरमध्ये नोव्हेंबरात कडाक्याची थंडी पडली. कुंडीतल्या डेलियाची पाने एका रात्रीत काळी पडली.

"दादीजान, झाड मेले! फेकून देऊ?" नातीने विचारले.

"थांब, बेटी. जीव मातीखालच्या कंदांत आहे," दादीजान म्हणाल्या.

त्यांनी वीतभर खोड ठेवून वरचे झाड कापले. पाणी देणे बंद केले. कुंडी घरातल्या कोरड्या, थंड कोपऱ्यात ठेवली. कंद ओले राहिले तर कुजतात आणि गोठले तर मरतात.

२१ डिसेंबरला 'चिल्लई कलान' सुरू झाला. हा चाळीस दिवसांच्या कडक थंडीचा काळ. नात रोज कुंडी पाही. नुसती माती!

वसंत आला. दादीजाननी कुंडी उजेडात आणली, थोडे पाणी घातले. काही दिवसांनी खोडाच्या बुडाशी हिरवा कोंब दिसला.

"दादीजान, झाड झोपले होते!" नात आनंदाने ओरडली.

प्रश्न : दादीजाननी पाणी देणे का बंद केले?