कर्करोग लागत नाही, मग लस कसली?

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे. मुलीच्या शाळेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीची माहिती दिली. पण कर्करोग काही एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. मग त्यावर लस कशी? – एक वाचक, रबाळे

उत्तर : तुमचं बरोबर आहे. कर्करोग लागत नाही, लागतो तो विषाणू. त्याचं नाव एचपीव्ही. त्याच्या शंभराहून जास्त जाती आहेत. पैकी १६ आणि १८ क्रमांकाच्या दोनच जगभरातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांच्या मुळाशी असतात. हाराल्ड त्सुर हाउझेन या शास्त्रज्ञांनी १९८३-८४ मध्ये त्या शोधल्या. नोबेल मिळालं २००८ साली.

हा विषाणू पेशीत करतो काय? तुमच्याच भाषेत सांगतो. पेशीत पी-५३ नावाचं प्रथिन म्हणजे क्वालिटी चेकिंगचा माणूस : डीएनएत बिघाड दिसला की काम थांबवतो, दुरुस्ती होणार नसेल तर पेशीच मोडीत काढतो. दुसरं प्रथिन आरबी, म्हणजे मशीनचा ब्रेक. विषाणूचं ई-६ हे प्रथिन चेकिंगवाल्याला पेशीच्याच भंगारात घालतं, ई-७ ब्रेक निकामी करतं. मग पेशी बेलगाम वाढत सुटतात. अर्थात बहुतेकींच्या शरीरातून विषाणू वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. जिथे ठाण मांडतो, तिथेही कर्करोग व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात.

याचा एक पुरावा असा. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठीतून, त्यांना न विचारताच, पेशी घेतल्या गेल्या. त्या वर्षीच त्या वारल्या. पेशी आजही प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांत १८ क्रमांकाचा विषाणू सापडला. ई-६, ई-७ बंद पाडले की याच पेशींची वाढ थांबते, हेही पुढे दिसलं. त्या पेशी वाढवणाऱ्या जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे पेशीसंवर्धन शिकल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली. त्यांचं स्वतःचं काम मुख्यतः उंदरांतल्या स्तनांच्या कर्करोगावर, आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांच्या नात्यावर होतं. १९७३ साली त्यांनी पुढाकार घेऊन सुरू केलेली भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना वाशीत आहे.

आता लस. तिच्यात विषाणूचं नुसतं बाहेरचं कवच असतं, आत जनुकं नाहीत. डबा आहे, माल नाही. म्हणून तिने लागण होत नाही, पण शरीर कवच ओळखायला शिकतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली. वय ९ ते १४ असेल तर दोन डोस, त्यापुढे तीन. विषाणू आधीच शिरला असेल तर लस त्याला हुसकावत नाही, म्हणून ती लहानपणीच घ्यायची.

आणि मुलीच्या आईचं काय? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावत. बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा पडे. एवढ्यावर या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पांढरा डाग म्हणजे कर्करोगच असं नाही, पुढची तपासणी लागते. मुलीच्या लसीचं विचारायला डॉक्टरांकडे जाल, तेव्हा बायकोच्या तपासणीचंही विचारून या.