वावर लाल काहून?

वाशिम जिल्ह्याचे उपग्रहावरून नकाशे करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. कारंजा, मानोरा, मंगरुळपीर, मालेगाव, रिसोड आणि खुद्द वाशिम, या सहा तालुक्यांतलं पीक-पाणी मी बरेचदा खुर्चीत बसून, चौकोनी ठिपक्यांतून बघतो. त्यातून जे उमगत गेलं ते असं. क्रमाला काही अर्थ नाही.

१. काळीकुट्ट दिसणारी फाइल बिघडलेली असेलच असं नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाचा एखादा बँड (प्रकाशाच्या एकाच पट्ट्याची फाइल) फोटो बघायच्या साध्या प्रोग्राममध्ये उघडला की अमावस्या दिसते. आत सगळं ठणठणीत असतं. १६ बिटांच्या त्या फाइलीत ६५,५३५ पर्यंतचे आकडे मावतात. जमिनीवरून परतलेल्या प्रकाशाचं प्रमाण १०,००० ने गुणून तिथे ठेवलेलं असतं, आणि आपली माती न् पिकं त्यातल्या खालच्या काही हजारांतच आटोपतात. क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्राम दोन्ही टोकांचे दोन-दोन टक्के आकडे बाजूला सारून मधले ताणतं, आणि अंधारातून काटेपूर्णा नदीचं खोरं वर येतं. या उजेडाचं मला फार अप्रूप होतं. मग लक्षात आलं की फाइलीतला एकही आकडा हललेला नाही. नकाशा जरा सरकवून पुन्हा ताणला तर तेच वावर वेगळ्या छटेत दिसतं. म्हणजे ‘यंदा हिरवं जास्त दिसतंय’ हे वाक्य बोलण्याआधी, ताण दोन्ही वर्षी सारखाच होता ना, एवढं तरी विचारावं लागतं.

२. शेताचा फोटो म्हणजे सातबारा नव्हे. जेपीजी ही फोटोंसाठी झालेली सोय आहे. डोळ्याला जे जाणवणार नाही ते ती खुशाल टाकून देते. हे काम ती ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांत करते. दहा मीटरचा एक ठिपका धरला तर असा तुकडा ८० मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण दीड एकर होतो. आपल्याकडे कित्येकांची सगळी जमीन तेवढीच असते. त्या दीड एकरात ती धुऱ्यापलीकडच्या पिकाचे आकडे अलीकडे मिसळते आणि नकाशा दिसतो मात्र छान गुळगुळीत. व्हॉट्सअॅपवर पाठवायला हे चालतं. त्यावरून कुणाच्या वावराचं मोजमाप करायला बसू नये. आकडे जसेच्या तसे हवे असतील तर जिओटिफ. त्यात जागेचा पत्ताही फाइलीतच राहतो. पीएनजी आकडे गाळत नाही, पण पत्त्यासाठी तिला सोबत दुसरी चिठ्ठी लागते, आणि ती चिठ्ठी नेमकी मेल पाठवताना मागे राहते.

३. सोयाबीन आणि कपाशीची सरासरी तूर येते. विनोद नाही. पिकांच्या नकाशात सोयाबीनला १, तुरीला २, कपाशीला ३ असे क्रमांक दिलेले असतात. लांबून बघताना नकाशा भराभर उघडावा म्हणून त्याच्या लहान प्रती आधीच करून फाइलीत ठेवतात. त्या करताना ‘सरासरी’ हा पर्याय निवडलेला असला, तर १ आणि ३ शेजारी आले की मधे २ उगवतो. कारंज्याकडे कपाशी आणि सोयाबीन जिथे जिथे बांधाला बांध लावून आहेत, तिथे तुरीची बारीक किनार दिसू लागते. गंमत अशी, की सोयाबीनमधे तुरीचं तास घालायची आपल्याकडे खरोखरच पद्धत आहे. त्यामुळे ही खोटी तूर कुणालाच खोटी वाटत नाही. क्रमांकांच्या नकाशाला ‘जवळचा ठिपका’ हाच पर्याय. उंचीला किंवा पावसाला सरासरी शोभते.

४. आकडा खरा असतो, पण त्याच्या पाठीशी एखादी अट असते. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत सरसकट १,००० ची भर घालून ते दिले जाऊ लागले; वापरताना तेवढे वजा करायचे. हे फाइलीसोबतच्या माहितीत लिहिलेलं असतं, चित्रात कुठेच दिसत नाही. समजा भरात आलेल्या सोयाबीनचे आकडे लाल प्रकाशात ५०० आणि अवरक्त प्रकाशात ४,००० आहेत. त्यावरून हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, ०.७८ येतो. हजार वजा न करता तोच हिशेब केला की ०.५४. पीक तेच, पाऊस तोच, आणि २०२१ च्या खरिपाशेजारी २०२२ चा खरीप ठेवला की जिल्हाभर पीक खचल्याचा नकाशा तयार. पाहणाऱ्याला कारणंही लगेच सुचतात: पावसाचा खंड, पिवळा मोझॅक रोग.

(याच एनडीव्हीआयचे दशांश पूर्णांकांच्या फाइलीत कोंबले तर सगळ्या जिल्ह्यात फक्त शून्य आणि एक उरतात. तेही एक दर्शन आहे.)

५. दोन समुद्रांमधला फरक एका मीटरचा असू शकतो. आपला जिल्हा पाणी वाटून देणारा आहे. काटेपूर्णा उत्तरेला अकोल्याकडे जाते, पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते; पैनगंगेचं आणि अडाणचं पाणी वर्धा-गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. मधल्या पठारावर कुठलं शेत कुठल्या समुद्राचं, हे नकाशावर काढायला मला भारी हौस. पण फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत मोजलेल्या उंचीच्या ज्या फाइली सर्रास वापरल्या जातात, त्यांत उंची पूर्ण मीटरांत आहे. सपाटीवर शेजारशेजारचे ठिपके एकाच आकड्याचे निघतात, आणि पाणी कुणीकडे वळणार हे प्रोग्राम आपल्या मनाने ठरवतो. हीच उंची आठ बिटांच्या चित्रात ठेवायची तर २५६ च पायऱ्या मिळतात; वाशिम शहरच समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून वर आहे. धुऱ्यावर उभा असलेला म्हातारा मात्र काठी रोखून सांगतो, “हे पाणी तिकडं जाते, महानच्या धरणात.” म्हणजे काटेपूर्णेत. त्याने ते पावसात पाहिलेलं असतं. अशा वेळी मी नकाशाची गुंडाळी करतो आणि त्याचं उतरवून घेतो.

६. रंग आपण देतो, अर्थ समोरचा लावतो. उपग्रहाच्या नेहमीच्या मांडणीत अवरक्त बँड लाल रंगात दाखवतात, कारण जोमदार पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. सवयीच्या डोळ्याला लालभडक म्हणजे जोरदार पीक. गावात हा नकाशा पसरला की पहिला प्रश्न ठरलेला: “आमचं वावर लाल काहून? जळलं का?” आणि मागे कुणीतरी हळूच विचारतं, नुकसानीच्या यादीत नाव आलं का म्हणून. त्या लालीत नुकसान दिसणं हा त्यांचा अडाणीपणा नव्हे. शेतकऱ्याच्या कागदावर लाल शाई चांगल्या बातमीसाठी कधी वापरली गेली आहे? म्हणून गावात दाखवायची प्रत मी वेगळी करतो, पीक हिरवं, पडीक तपकिरी. आकड्यांच्या मूळ फाइलीला हात लावत नाही.

७. नकाशाचं शेवटचं रूप झेरॉक्स असतं. रंगीत प्रत एकच निघते, ती कुणाच्या तरी टेबलावर राहते. गावागावात पोचते ती तिची काळी-पांढरी नक्कल. लाल आणि हिरवा तिथे एकाच राखाडीत जातात, म्हणजे उत्तम आणि वाईट एकच. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांची तर रंगीत प्रतीतही हीच अडचण. २०१५ साली मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या प्रोग्रामवाल्यांनी ‘व्हिरिडिस’ नावाची रंगपट्टी आणली, जांभळ्यातून हिरव्याकडे आणि पुढे पिवळ्याकडे जाणारी. झेरॉक्समधेही तिचा गडद-फिका क्रम टिकतो. दिसायला मला ती फारशी आवडत नाही. पण तालुक्याच्या दुकानात दोन रुपयांत निघालेल्या प्रतीवरही तिच्यातलं कमी-जास्त वाचता येतं, म्हणून मोजमापाच्या नकाशाला तीच वापरतो.