आधी फसलेला पाठ

बीएड कॉलेजात रुजू होताच ई-पोर्टफोलिओचं काम तुझ्या गळ्यात पडलं म्हणतेस. पडू दे. आमच्या वेळी जाडजूड फायली असायच्या. स्केचपेनच्या चौकटी, जिलेटिनचं कव्हर आणि आत ‘पाठ चांगला झाला’ हे एकच वाक्य वीसदा. तुझी मुलं तेच आता कॅनव्हावर करतील. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाक, पहिली नोंद फसलेल्या पाठाची.

सराव पाठ संपला की चहा यायच्या आत दोन मिनिटं फोनवर बोलून ठेवायला लाव. रात्री होस्टेलवर लिहिलेलं चिंतन म्हणजे निम्मी टाचणाची नक्कल. पाठातली तीन मिनिटं चित्रित करायची, पण शाळेची परवानगी आधी, आणि कॅमेरा मागच्या बाकावरून फळ्याकडे. पोरांचे चेहरे दिसता कामा नयेत.

माझा एक छात्राध्यापक सहावीला अपूर्णांक शिकवत होता. एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती? एक पोरगा म्हणाला, ‘दोन छेद पाच.’ यानं लगेच फळ्यावर पाच छेद सहा लिहिलं. नंतर मला म्हणे, ‘बाई, पायाच कच्चा आहे हो यांचा.’ मी म्हटलं, व्हिडिओ लाव, आणि पोरगा थांबल्यापासून तू बोलेपर्यंत किती सेकंद गेले ते मोज. एकही पुरा नव्हता! अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं. शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलं जास्त आणि विचार करून बोलतात. मग त्यानं नोंदीत एवढंच लिहिलं, ‘कसं काढलंस, हे मी त्याला विचारलंच नाही.’ सबंध वर्षातली ती सगळ्यात छोटी नोंद.

ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८चं चिंतनाचं सहा पायऱ्यांचं चक्र अभ्यासात येईल. सहाही रकाने दरवेळी भरायला लावू नकोस. वर्णनातच मुलं दमतात आणि ‘पुढच्या वेळी काय करीन’ला दीड ओळ उरते.

तुझा शेरा ‘छान’ नको, एक प्रश्न टाक. सुट्या नोंदींना गुण देऊ नकोस, नाहीतर तुला आवडेल तेवढंच वाचायला मिळेल.

आणि हो, सगळं स्वतःच्या खात्यावर ठेवायला सांग. कॉलेजचा मेल पास झाल्यावर बंद होऊ शकतो.