जुने ऑईल इंजिन वंगण का खाते? दोषनिदानाची सोपी रीत

उसाला पाण्याची पाळी द्यावयाची असते आणि नेमके त्याच वेळी विहिरीवरील जुने इंजिन निळा धूर सोडू लागते. वंगण दररोज घालावे लागते, हँडल मारताना पूर्वीचा जोर लागत नाही, आणि शेजारी सल्ला देतात, ‘रिंगा बदलून टाका.’ रिंगा बदलल्या जातात. पण पुष्कळदा महिना दोन महिन्यांत धूर पुन्हा दिसू लागतो. पैसा जातो, पाळीही चुकते. रोग ओळखण्यापूर्वीच औषध दिल्याचा हा परिणाम होय. इंजिन खोलण्यापूर्वी पुढील परीक्षा क्रमाने केल्यास दोष कोठे आहे हे बहुधा शेतावरच कळून येते.

इंजिनात काय घडते

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. त्यामुळे ती ५०० अंश सेल्सियसहून अधिक तापते व त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. हा दाब धरून ठेवण्याचे काम पिस्टनवरील वरच्या रिंगा करतात. खालची ऑईल रिंग लायनरवरील जादा वंगण खरवडून खाली सोडते. रिंगा व लायनर झिजले म्हणजे जळके वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतात. यालाच कारागीर ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. त्याच वाटेने वंगण वर चढून जळते. थोडी वायुगळती नव्या इंजिनातही असते. ती वाढत जाणे हे झिजेचे लक्षण होय.

प्रथम मोजमाप

इंजिन समपातळीत असताना, बंद केल्यावर १५ मिनिटांनी, वंगण वरच्या खुणेपर्यंत भरावे. त्यानंतर इंजिन किती तास चालले व किती वंगण घालावे लागले याची नोंद ठेवावी. सुस्थितीतील इंजिनात वंगणाचा खर्च डिझेलच्या सुमारे १ टक्क्याच्या आत असतो. ताशी १ लिटर डिझेल घेणाऱ्या इंजिनाला ५० तासांत अर्धा लिटर वंगण लागले, तर चिंतेचे कारण नाही. खर्च याच्या दुपटी-तिपटीवर गेल्यास शोध घ्यावा. इंजिन स्वच्छ पुसून खाली पुठ्ठा पसरावा, म्हणजे बाहेरील गळती लगेच दिसते. वंगणाची पातळी उलट वाढत असेल व त्यास डिझेलचा वास येत असेल, तर नोझल अथवा डिझेल पंपातून गळती होत आहे असे समजावे. असे पातळ झालेले वंगण लायनर व बेअरिंग दोन्ही झिजविते. गळती बंद करून ते ताबडतोब बदलावे.

धूर आणि ब्रीदर

काळा धूर हे डिझेल जास्त किंवा हवा कमी पडल्याचे, पांढरा धूर हे डिझेल न जळल्याचे अथवा पाणी शिरल्याचे, तर निळा धूर हे वंगण जळत असल्याचे चिन्ह आहे. निळा धूर केवळ सुरुवातीस येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह गाइडची झीज संभवते. भारावर तो सतत येत राहिल्यास रिंगा व लायनर यांचा संशय घ्यावा.

एका सिलिंडरच्या अनेक इंजिनांत ब्रीदरमध्ये एक पातळ चकती असते. ती हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. चकती काजळीने चिकटली म्हणजे क्रँककेसमध्ये दाब साठतो व वंगण सांध्यांतून बाहेर पडते. म्हणून ब्रीदर आधी डिझेलने धुऊन पाहावा. तरीही त्यातून जळक्या वासाचा गरम धूर येत राहिला व भाराबरोबर वाढला, तर गळती रिंगांतूनच आहे.

दाबाची परीक्षा

डिझेल बंद करून हँडल हळूहळू फिरवावे व दाब किती लागतो ते ध्यानात ठेवावे. मग नोझल काढून त्या छिद्रातून एक लहान चमचाभर वंगण सोडावे, नोझल बसवावे व पुन्हा फिरवून पाहावे. दाब स्पष्ट वाढल्यास दोष रिंगा-लायनरचा. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. वंगण याहून अधिक कदापि घालू नये. सिलिंडरमध्ये ते अडकून कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो. परीक्षेनंतर डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून इंजिन काही फेरे फिरवावे व मगच सुरू करावे.

लायनरचे माप

इंजिन खोललेच, तर नवी रिंग एकदा लायनरच्या न झिजलेल्या खालच्या भागात व एकदा वरच्या रिंगेच्या जागी सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. दोन्ही मापांतील फरकास ३.१४ ने भागले म्हणजे लायनरचा व्यास किती वाढला ते कळते. फरक ०.६ मिलिमीटर असेल, तर झीज सुमारे ०.१९ मिलिमीटर होय. ही झीज इंजिनाच्या पुस्तिकेतील मर्यादेबाहेर असल्यास केवळ रिंगा बदलणे व्यर्थ आहे, लायनरही बदलावा.

झिजेचे मूळ

या झिजेचे मोठे कारण धूळ होय. एअर क्लीनरमधील तेल खुणेपर्यंत ठेवावे, गढूळ होताच बदलावे, आणि क्लीनर व इंजिन यांमधील नळीचे सांधे घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे. मळणीच्या दिवसांत ही तपासणी रोज करावी. सदैव हलक्या भारावर चालणाऱ्या इंजिनाचा लायनर काचेसारखा गुळगुळीत होऊनही वंगण वाढीव लागते. असे इंजिन वेळीच काही तास योग्य भारावर चालविल्यास सुधारू शकते.

सावधानता

अतिशय झिजलेले इंजिन कधी स्वतःचेच वंगण जाळीत अनावर वेगाने धावू लागते. तेव्हा डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून हवा तोडावी. हात कधीही लावू नये. अशी वेळ येण्याआधीच, वंगणाच्या नोंदवहीत खर्च वाढताना दिसताच, पाण्याची पाळी संपवून इंजिन दुरुस्तीस घ्यावे.