अंगठी कोणत्या बोटात?

आपला हात समोर धरा. बोटे मोजा. अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी. झाली पाच.

करंगळीच्या शेजारची ती अनामिका. अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. पण मान मोठा तिचाच! देवाला गंध लावायचे ते अनामिकेने. पूजेच्या वेळी दर्भाचे पवित्रक घालायचे तेही अनामिकेत. साखरपुड्याची अंगठीही बहुधा तिच्यातच घालतात.

युरोपातही लग्नाची अंगठी याच बोटात असते. असे का बरे? फार जुन्या काळी रोम शहरातले लोक म्हणत, डाव्या हाताच्या या बोटातून एक शीर निघते आणि ती थेट काळजाला जाऊन मिळते.

ऐकायला गोड वाटते. पण ते खरे नाही. रक्त सगळ्याच बोटांना काळजाकडून येते आणि पुन्हा काळजाकडेच जाते. अनामिकेची काही वेगळी शीर नाही.

शिवाय देश बदलला की हातही बदलतो. इंग्लंडात अंगठी डाव्या हातात घालतात. जर्मनीत आणि रशियात उजव्या हातात घालतात. मग जर्मन नवऱ्याची माया कमी असते का? मुळीच नाही! जसा देश तसा वेश.

आपल्याकडे पुष्कळ घरांत लग्न झालेली बाई जोडवी घालते. ती पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटात. गळ्यात मंगळसूत्र असते. या साऱ्या लग्नाच्या खुणा. पण अंगठी हरवते. जोडवी झिजतात. अडीनडीला मंगळसूत्र गहाण पडते. उद्या वारसाची नोंद करायची झाली, तर कचेरीत जोडवी दाखवून भागत नाही. तेथे कागद मागतात.

म्हणून लग्न झाले की त्याची नोंद करावी. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पुरी झालेली हवीत. नवरा, नवरी आणि साक्षीदार सह्या करतात. मग दाखला मिळतो. त्यावरची नावे आणि तारीख स्वतः वाचून पाहा. चूक असेल तर तेथेच सांगा. मगच घरी या.

पूर्वी अशा कागदावर आपण अंगठा उठवीत होतो. आता अंगठ्याला शाई नको. त्याच्या जोडीला तर्जनी घ्या, मध्यमा घ्या. लेखणी धरा. आपले नाव लिहा.