वारूळ श्वास कसा घेते?

पुण्याचा विश्रामबाग वाडा तुम्ही पाहिला असेलच. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा सुमारे १८०७ सालचा. त्याचे चौक आठवा. तापलेली हवा उघड्या चौकातून वर निघून जाते आणि भोवतालच्या खोल्यांत हवा खेळती राहते.

आता टेकडीवरचे वारूळ पाहा. ते बांधते वाळवी. नाग हा तिथला नुसता भाडेकरू! आत हजारो जीव, शिवाय त्यांनी राखलेली बुरशीची बाग. साऱ्यांचा श्वासोच्छ्वास अखंड चालू, पण माथ्यावर धुराड्यासारखे एकही भोक नाही. मग आतले जीव गुदमरत कसे नाहीत?

उत्तर आहे बाहेरच्या उभ्या कंगोऱ्यांत. बंगळूरच्या वारुळांत केलेली मोजमापे २०१५ साली प्रसिद्ध झाली. दिवसा पातळ कंगोरे लवकर तापतात. त्यांच्या पोकळीतली हवा वर चढते आणि मधल्या थंड भागातून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात, आणि प्रवाह चक्क उलटा फिरतो! दिवसभर साचलेला कार्बन डायऑक्साइड तेव्हा भिंतींच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतो.

भिंतीला खिंडार पडले, तर कामकरी वाळवी लाळेत माती कालवून ते लगेच बुजवू लागते.